दाताचे दुखणे : कशासाठी रात्रीच निघावे, कशासाठी थांबावे, आणि दात सुंदर करून घेण्यापूर्वी काय पाहावे

दाढ रात्री ठणकते, पहाटे थोडी शांत होते आणि माणूस शेताकडे किंवा कामावर निघून जातो; पुन्हा ठणकली की मेडिकलमधून एक गोळी आणली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या सगळ्या पट्ट्यात दातदुखी बहुतेक घरांत अशीच अंगावर काढली जाते, आणि रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तोपर्यंत वाचवता आला असता असा दात काढून टाकण्याच्या अवस्थेला आलेला असतो. याउलट लग्न ठरले, की दात पांढरे करण्यासाठी किंवा पुढच्या दातांमधली फट बुजवण्यासाठी आठवड्याभराच्या मुदतीत दवाखाना गाठला जातो. जिथे घाई हवी तिथे दिरंगाई आणि जिथे सवड हवी तिथे घाई, असे आपल्याकडे झाले आहे. कोणत्या लक्षणासाठी त्याच घटकेला निघायचे, कशासाठी सकाळपर्यंत थांबता येते आणि सौंदर्यासाठीचा कोणता उपचार पुन्हा माघारी घेता येत नाही, हे प्रत्येक घरातल्या निदान एका माणसाला ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

दुखणे थांबले म्हणजे काय झाले?

दाताच्या वरच्या कवचाला, म्हणजे इनॅमलला, संवेदना नसते. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असला तरी साखरेवर जगणाऱ्या जंतूंच्या आम्लाने तो झिजतो, आणि तिथवर कीड असेपर्यंत माणसाला काहीच कळत नाही. कीड आतल्या डेंटिनमध्ये उतरली की थंड पाणी आणि गोड पदार्थ झोंबू लागतात, पण झोंबणे काही क्षणांत थांबते. या टप्प्यावर साधे सिमेंट भरून, म्हणजे फिलिंग करून, काम भागते. त्याच्या पुढे दाताच्या गाभ्यातली नस असते. ती सुजली, की चारही बाजूंनी कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा मिळत नाही आणि आत दाब वाढतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येत असल्याने हा ठणका रात्री अधिक जाणवतो. चहाचा घोट घेतल्यावर सुरू झालेली कळ बराच वेळ राहणे किंवा ठणक्याने झोपेतून जाग येणे, याचा अर्थ नस आपोआप बरी होण्याची वेळ बहुधा निघून गेली आहे. आता रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून ती पोकळी भरण्याचे काम, करावे लागेल किंवा दात काढावा लागेल.

यानंतर अनेकदा एके दिवशी दुखणे आपसूक थांबते, आणि फसगत होते ती इथे. नस मेलेली असल्याने कळ येत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, दात चावताना उंच झाल्यासारखा लागतो, किंवा एका सकाळी गाल सुजलेला दिसतो. म्हणून किती दुखते एवढ्यावरून तातडी ठरवू नये. सूज, ताप, तोंड उघडण्यातली अडचण, गिळणे आणि श्वास या पाच गोष्टींकडे पाहून ती ठरवावी.

त्याच घटकेला निघावे अशी लक्षणे

खालच्या दाढेच्या संसर्गाने जबड्याखाली किंवा गळ्याच्या बाजूला कडक सूज येणे, जीभ वर उचलल्यासारखी होणे, थुंकी गिळता न येणे, आवाज बदलणे किंवा श्वास घेताना त्रास होणे ही जीवघेणी अवस्था आहे. जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या पोकळ्यांमध्ये पू पसरला, तर काही तासांत श्वासमार्ग बंद होऊ शकतो. अशा वेळी जवळच्या छोट्या दंत दवाखान्याचे दार ठोठावण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. वरच्या दाताच्या संसर्गाने डोळ्याखाली सूज चढून पापणी मिटू लागली असेल, सुजेबरोबर थंडी वाजून ताप असेल, किंवा रुग्णाला मधुमेह असून सूज झपाट्याने वाढत असेल, तरीही हाच नियम लावावा.

कुठे जायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. बेळगाव शहराच्या आसपासच्या लोकांना जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल हॉस्पिटल, आणि शहरातली मोठी रुग्णालये जवळची आहेत. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, कागवाड आणि अथणीकडच्यांना मिरज सोयीचे असते. जीव अडचणीत असताना राज्याच्या हद्दीचा विचार न करता जे मोठे रुग्णालय कमी वेळात गाठता येईल, तिथे न्यावे. १०८ ही सेवा कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रस्त्याला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे तिथल्या माणसाने सूज दिसल्यावर रात्र होण्याची वाट पाहू नये, दुपारीच निघावे.

अपघातात जबड्यावर मार बसून वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर हाड मोडल्याची शक्यता धरावी. मार लागल्यावर शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील किंवा कानातून रक्त येत असेल, तर दातांचे सगळे नंतर पाहता येते. आधी डोक्याची तपासणी झाली पाहिजे. आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. जिना किंवा चढ चढताना जबडा दुखू लागतो, सोबत घाम येतो, छातीत जड वाटते किंवा दम लागतो, आणि दात मात्र ठोकून पाहिला तरी दुखत नाही, असे असेल तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. उतारवयातल्या माणसाला अशा वेळी दातांच्या डॉक्टरांकडे न नेता आधी ईसीजी काढून घ्यावा.

दात मुळासकट निखळून पडल्यास

शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळताना किंवा दुचाकीवरून पडून पुढचा दात अख्खा बाहेर येतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात जवळचा माणूस काय करतो यावर त्या दाताचे भवितव्य ठरते. मुळाच्या पृष्ठभागावर दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंच्या जिवंत पेशी चिकटलेल्या असतात. त्या कोरड्या पडल्या की मरतात. तासभर कोरडा राहिलेला दात पुन्हा बसवला तरी पुढे त्याचे मूळ विरघळत जाण्याची शक्यता फार असते.

म्हणून दात शोधून काढावा आणि फक्त पांढऱ्या भागाला धरावा. मुळाला बोट लावू नये, ते घासू नये, कापडाने पुसू नये, साबण किंवा डेटॉल लावू नये. माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली पाच-दहा सेकंद धुवावे, त्याहून जास्त नाही. मूल शुद्धीवर असेल आणि घाबरून रडत नसेल, तर दात सरळ बाजूने खाचेत हलक्या हाताने बसवून स्वच्छ रुमाल दातांखाली घट्ट धरायला सांगावा. हे जमणार नसेल तर दात थंड दुधात बुडवून ठेवावा. वाटेतल्या कोणत्याही दुकानात दुधाची पिशवी मिळते, आणि पिशवी फोडून दात त्यात टाकला तरी चालतो. साध्या पाण्यात दात ठेवू नये, कारण पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. कागदात किंवा रुमालात गुंडाळून खिशात ठेवणे सर्वांत वाईट. डॉक्टर दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

हे सगळे कायमच्या दातांसाठी आहे. दुधाचा दात पडला तर तो पुन्हा बसवू नये, कारण त्याच्या वर तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या कोंभाला इजा होऊ शकते. साधारण सहा वर्षांखालच्या मुलाचा दात दुधाचाच असतो. सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान शंका असेल तर दात दुधात ठेवून डॉक्टरांना ठरवू द्यावे. दाताचा फक्त तुकडा उडाला असेल तर तोही ओला ठेवून न्यावा, कारण पुष्कळदा तोच तुकडा परत चिकटवता येतो. प्रत्येक शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला एवढी माहिती असावी, असे मला मनापासून वाटते.

सकाळपर्यंत थांबता येते, तेव्हा

सूज किंवा ताप नसताना नुसता ठणका असेल, तर रात्र काढता येते. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरावी, दातांत अडकलेले अन्न धाग्याने हलकेच काढावे, उशी उंच करून पडावे आणि गालावर बाहेरून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. प्रौढ माणसाला पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घेता येते. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या ठणक्यावर अधिक परिणाम करतात, परंतु मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, दमा किंवा गरोदरपण असेल तर त्या मनाने घेऊ नयेत.

दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी चिकटवून ठेवणे, दाढेत तंबाखूची चिमूट किंवा मिसरी दाबणे, लवंगेचे तेल कापसात भिजवून रात्रभर ठेवणे, हे प्रकार आपल्या भागात सर्रास होतात. ॲस्पिरिनने हिरडी पांढरी पडून भाजते, लवंगेचे तेल थोडा वेळ बधिरता आणते पण जास्त झाले तर तेही पोळते, आणि तंबाखूचे दुष्परिणाम सांगायला नकोत. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून दोन दिवस घेणे हीसुद्धा चुकीची सवय आहे. सुजलेल्या नसेच्या कळेवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. जिथे पू आहे तिथेही दात उघडून किंवा काढून पू बाहेर पडल्याशिवाय केवळ गोळ्यांनी मूळ दुखणे जात नाही.

अक्कलदाढेवरची हिरडी सुजून तोंड थोडे कमी उघडणे, दोन-तीन दिवसांत दाखवून घ्यावे असे दुखणे आहे. तोंड झपाट्याने आवळत गेले तर मात्र त्याच दिवशी. दातावर बसवलेली कॅप, म्हणजे कृत्रिम आवरण, निघाली तर ती धुऊन डबीत ठेवावी आणि घेऊन जावे. फेविक्विकने घरी चिकटवू नये. दात काढल्यानंतर रक्त थांबत नसेल तर कापूस पुन्हा पुन्हा बदलून पाहत बसू नये. स्वच्छ कापडाची घट्ट घडी त्या जागेवर ठेवून पूर्ण अर्धा तास चावून धरावी, थुंकू नये आणि त्या दिवशी चूळ भरू नये, कारण चुळेने आणि थुंकण्याने खाचेतली रक्ताची गाठ सुटते. असे दोनदा करूनही रक्त वाहत राहिले तर रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाने ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना, दोघांनाही, तिची कल्पना द्यावी. दात काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू झाली, तर खाच कोरडी पडली आहे असे समजून परत दाखवावे; विडी-तंबाखू ओढणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो.

कोणाकडे जावे

दवाखान्याच्या फलकावर बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा. बाजारात बसून तासाभरात 'फिक्स' दात लावून देणाऱ्यांकडून शेजारच्या दातांवर ॲक्रिलिक ओतून बसवलेला दात स्वच्छच करता येत नाही, आणि त्याखाली चांगले दातही किडून जातात. खर्चाची अडचण असेल, तर बेळगावात नेहरूनगरमधली केएलई विश्वनाथ कत्ती इन्स्टिट्यूट ऑफ डेंटल सायन्सेस आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय ही दोन शिक्षणसंस्थांची रुग्णालये आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या आणि वेळ जास्त लागतो. पण खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने कमी येतो आणि सगळ्या शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली मिळतात.

संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि आपल्याला ते नीट वाचता येत नसेल, तर त्यातला मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये; असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही आणि बहुतेक डॉक्टर आनंदाने सांगतात. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे गेल्यावर रूट कॅनाल सुरू करायचे आणि गावी परतल्यावर पुढच्या बैठका राहून जायच्या, हा प्रकारही फार घडतो. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते. एक्स-रेचा फोटो आणि झालेल्या कामाची चिठ्ठी सोबत आणली, तर उरलेले काम इथले डॉक्टर पुरे करू शकतात.

सौंदर्याआधी तोंडाची तपासणी

डाग काढण्यासाठी येणाऱ्यांमध्ये मिसरी लावणाऱ्या बायका आणि मावा-गुटखा खाणारे तरुण पुष्कळ असतात. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात तर मिसरी ही पिढ्यान्‌पिढ्या दात घासण्याचीच गोष्ट मानली गेली आहे, आणि गुटख्यावर दोन्ही राज्यांत बंदी असूनही तो हातोहात मिळतो. या लोकांनी दात पांढरे करण्याआधी आरशासमोर उभे राहून पुढील तपासणी करावी. स्वतःच्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकमेकांना चिकटवून उभी धरावीत आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तिन्ही बोटे मावत नसतील, तिखट पूर्वीपेक्षा जास्त झोंबत असेल आणि गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठ लागत असेल, तर सुपारीमुळे गालाखाली ताठ तंतू वाढण्याचा विकार सुरू झालेला असू शकतो. हा विकार झालेल्यांना तोंडाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. गाल, जीभ किंवा हिरडीवरचा लाल वा पांढरा चट्टा आणि दोन आठवड्यांत न भरलेली जखम, दुखत नसली तरी, लगेच दाखवावी. हे दाखवताना तंबाखूची सवय लपवू नये, कारण निदान करताना ती माहिती महत्त्वाची असते.

तपासणीत काही निघाले नाही, तरी कीड आणि हिरड्यांचा आजार आधी बरा करून घ्यावा. स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यात केलेल्या दातांच्या सफाईने, दात ढिले होतात हा समज चुकीचा आहे. दातांवर साचलेला दगडासारखा थर निघाल्यावर आधीच ढिले झालेले दात ढिले आहेत हे लक्षात येते, इतकेच. पुष्कळांचे समाधान केवळ या सफाईने होते, आणि मी तरी प्रत्येकाला तिथेच थांबून महिनाभर आरशात पाहायला सांगेन. दात थोडे पिवळसर असणे नैसर्गिक आहे, कारण आतल्या डेंटिनचा रंगच तसा असतो. हिरड्यांचा सावळा रंगही आपल्याकडे रोगाचे लक्षण नसतो.

त्यापुढचा उपाय ब्लीचिंगचा. पेरॉक्साइडचे औषध दवाखान्यात किंवा मापाच्या ट्रेमध्ये घालून घरी लावले जाते, त्याने काही दिवस दात झोंबतात आणि रंग काही छटांनी उजळतो. कॅप आणि जुन्या फिलिंगचा रंग मात्र त्याने बदलत नाही. म्हणून पुढच्या दातात नवे फिलिंग करायचे असेल तर आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबून रंग जुळवून फिलिंग, हा क्रम ठेवावा. एकच दात काळसर झाला असेल, तर बहुधा लहानपणीच्या माराने त्याची नस मेलेली असते आणि त्याला वेगळा उपचार लागतो. लहानपणी जास्त फ्लोराइड असलेले बोअरचे पाणी प्यायल्याने आलेले तपकिरी डागही नुसत्या ब्लीचिंगने क्वचितच जातात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाही १.५ च्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक आहे. घरात लहान मुले असतील तर डागांपेक्षा पाण्याची तपासणी अधिक तातडीची आहे. लिंबू, कोळशाची पूड, मीठ किंवा खाण्याचा सोडा घासून दात पांढरे करण्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात. त्यांनी इनॅमल झिजते आणि आतला पिवळा थर उलट जास्त दिसू लागतो.

व्हेनियर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा, आणि कॅप यांच्याबाबतीत मात्र सावकाश विचार करावा. व्हेनियरसाठी बहुधा दाताच्या पुढच्या बाजूचा पातळ थर घासावा लागतो आणि कॅपसाठी चारही बाजूंनी दात लहान करावा लागतो. घासलेले इनॅमल पुन्हा वाढत नाही, आणि आयुष्यभरात ते काम एकदा तरी बदलावे लागते. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचे निरोगी पण थोडे वाकडे दात चार कॅप बसवून सरळ करणे मला पटत नाही. तिथे तारा किंवा पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे साचे, हाच योग्य मार्ग आहे, मग त्याला दीड-दोन वर्षे का लागेनात. छोटी फट असेल तर दाताच्याच रंगाचे कंपोझिट लावून, बहुधा दात न घासता, ती एका बैठकीत बुजवता येते, आणि पुढे ते काढूनही टाकता येते. डॉक्टरांना सरळ विचारावे : माझा किती दात घासला जाईल, हे किती वर्षे टिकेल, बिघडल्यास पुढे काय करावे लागेल, आणि कमी घासून होणारा दुसरा उपाय आहे का?

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, हे धरून उलटी मोजणी करावी. तारा लावायच्या असतील तर लग्नाआधी दोन वर्षे हाताशी हवीत. ब्लीचिंग आणि पुढच्या दातांची फिलिंग यांसाठी दोन महिने पुरतात. स्केलिंग लग्नाच्या आदल्या आठवड्यात न करता तीन-चार आठवडे आधी करावे, म्हणजे हिरड्यांची सूज आणि दातांचे झोंबणे निवळते. ब्लीचिंगनंतरचे पहिले दोन-तीन दिवस चहा, कॉफी आणि हळद घातलेली आमटी टाळावी. तारांवरची पारदर्शक रबरे हळदीने पिवळी पडतात, पण ती दर महिन्याच्या भेटीत बदलली जात असल्याने त्याची काळजी करू नये. ज्यांना ते नकोसे वाटते त्यांनी करड्या रंगाची रबरे मागून घ्यावीत. तारा निघाल्यावर मिळणारा, दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर डॉक्टर सांगतील तितकी वर्षे रात्री लावावा, कारण तो लावणे सोडले की दात हळूहळू जुन्या जागेकडे सरकू लागतात.